कुटुंब कुणाचे? जबाबदारी कुणाची?



भिवंडी तालुक्यातल्या पूर्णा गावात आमच्या गटाची बैठक रविवारी दुपारी भरते. गोडाऊनला सुट्टी मिळाली तरच बायका येतात, त्यामुळे कधी दहाजणी असतात, कधी तिघीच. मध्यंतरी एका बैठकीत ई-श्रमच्या नोंदणीसाठी आम्ही एकेकीची माहिती कागदावर उतरवून घेत होतो. एक तरुण मुलगी आईबरोबर आली होती. तिची पाळी आली.

‘शिक्षण?’ मी विचारले.

‘सहावी.’

‘शाळा का सोडलीस?’

‘सोडली नाही. बंद झाली होती.’

‘पण नंतर उघडली ना?’

यावर ती गप्प बसली. तिची आई म्हणाली, ‘ताई, हिनं धाकट्याला सांभाळलं म्हणून मी कामावर जाऊ शकले. नाहीतर त्या साली आम्ही काय खाल्लं असतं?’

बैठकीत कुणी काही बोलले नाही. कारण त्या खोलीत बसलेल्या निम्म्या बायकांच्या घरी थोड्याफार फरकाने हेच घडले होते. आईला दोष द्यावा असे कुणाला वाटले नाही, आणि ‘बरोबर केलेस’ असेही कुणाच्या तोंडून निघाले नाही. त्या शांततेतच या लेखाचा विषय आहे. कोविडच्या काळात बाईने घर आणि काम कसे सांभाळले याचे कौतुक आपण पुष्कळ ऐकले. ‘तारेवरची कसरत’ हा शब्द तर वापरून वापरून झिजला. माझे म्हणणे असे आहे की, ही कसरत झालीच नाही. तार तुटलेली होती. बाई खाली पडू नये म्हणून तिच्याखाली कुणीतरी उभे राहिले, आणि बहुतेक घरांत ते ‘कुणीतरी’ म्हणजे दहा-बारा वर्षांची मुलगी होती.

पूर्णा गावातले काम

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. ठाण्याहून कशेळीचा खाडीपूल ओलांडला की जुन्या भिवंडी रस्त्याने कशेळी, काल्हेर, पूर्णा अशी गावे लागतात. एके काळी इथे भातशेती होती. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या दाराशी, म्हणून व्यापाऱ्यांनी इथे माल साठवायला सुरुवात केली. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, पण गोडाऊने गेली नाहीत. उलट वाढली. आज शहरातला माणूस फोनवर बोट ठेवून जे काही मागवतो, त्यातले बरेचसे या पट्ट्यातून निघते.

जमिनीचा मोबदला आणि गाळ्यांचे भाडे ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना मिळाले. म्हणजे बहुतेक पुरुषांना. ज्या बायका त्याच जमिनीत लावणी-कापणी करत होत्या, त्यांच्यापैकी कित्येकींचे काम गेले आणि हातात काही आले नाही. त्यांच्या जोडीला मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेशातून आलेल्या बायका, आणि तालुक्यातल्या कातकरी-वारली पाड्यांतल्या बायका. कुणी गोडाऊनमध्ये माल निवडते, पॅकिंग करते, लेबल लावते, झाडू मारते. कुणी पूल ओलांडून ठाण्यातल्या सोसायट्यांत धुणीभांडी करते. कुणी यंत्रमागावरच्या एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी खानावळ चालवते. कुणी घरबसल्या कपड्यांचे धागे कापते.

ही चार कामे वेगळी दिसतात, पण त्यांत एक गोष्ट सारखी आहे. यांतल्या कुठल्याही कामावर बाईचे नाव कुठेही लिहिलेले नसते. गोडाऊनच्या गेटवर सकाळी मुकादम उभा असतो. आज किती बायका हव्यात ते त्याला ठाऊक असते. ‘तू ये, तू ये, तू उद्या.’ हजेरी त्याच्या खिशातल्या वहीत. वहीत नुसते नाव, आडनावसुद्धा नाही. पैसे आठवड्याने, रोख. गोडाऊन कुणाचे, माल कुणाचा, ठेकेदार कोण, हे बाईला माहीत असेलच असे नाही. तिला मुकादम माहीत असतो.

न काढताच गेलेले काम

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी सुरू झाली. २९ मार्चला केंद्र सरकारने आदेश काढला की, बंदच्या काळात मालकांनी कामगारांचे वेतन कापू नये. मेच्या मध्यावर हा आदेश मागे घेतला गेला. पण जेवढे दिवस तो होता, तेवढे दिवस तरी पूर्णा गावच्या बायकांना त्याचा काय उपयोग झाला? आदेश कामगारांसाठी होता, आणि कामगार तोच ज्याचे नाव मालकाच्या कागदावर आहे. आमच्या बायकांना कामावरून कुणी काढले नाही. त्या कामावर होत्या हेच कुठे लिहिलेले नव्हते, मग काढणार कशावरून?

ठाण्यातल्या सोसायट्यांची फाटके बंद झाली. काही मालकिणींनी दोन महिने पगार पोचवला, त्यांचे आभारच मानायला हवेत. बहुतेकींनी फोन उचलला नाही. जुलैमध्ये ठाण्यात पुन्हा कडक टाळेबंदी लागली आणि जेमतेम सुरू झालेली कामे परत थांबली. भिवंडीचे माग थंडावले तसे यंत्रमाग कामगार गावाकडे निघाले. मेच्या पहिल्या आठवड्यात भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली, तेव्हा टीव्हीवर त्या गाडीची चित्रे आली. त्या गाडीत बसलेल्यांना वर्षानुवर्षे जेवू घालणाऱ्या खानावळवालीचे चित्र कुठे आले नाही. आमच्या ओळखीच्या एकीकडे उधारीची वही अजून आहे. ‘त्यांनी बुडवले असे म्हणवत नाही, ताई,’ ती म्हणते, ‘त्यांच्याकडेच नव्हते.’ दोन गरिबांनी एकमेकांची उधारी माफ केली. मागमालकाला, व्यापाऱ्याला किंवा सरकारला त्या वहीत कुठेच जागा नव्हती.

मग गोडाऊनची शटर वर जाऊ लागली. शहर घरात बसले होते आणि घरात बसलेल्या शहराला माल हवा होता. त्याच महिन्यांत पूर्णा गावच्या घरांत काय होते? शाळा बंद, अंगणवाडी बंद, नवरा बिनकामाचा घरी, सासू-सासरे आजाराच्या भीतीने घरी, दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे, आणि सार्वजनिक नळावर अंतर ठेवून उभे राहायचे. काम सुरू होणे आणि घरचे काम दुप्पट होणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बाईच्या अंगावर आल्या. घरात कुणाला ताप आला तर चौदा दिवस घरी थांबायचे, हा नियम आरोग्याच्या दृष्टीने योग्यच होता. पण रोजावरच्या बाईसाठी त्याचा अर्थ असा की, चौदा दिवसांची मजुरी गेली आणि पंधराव्या दिवशी गेटवर तिच्या जागी दुसरी उभी. मग बायका काय करत? ताप लपवत. आपण त्यांना ‘बेजबाबदार’ म्हणालो. पगारी रजा नसलेल्या बाईकडून जबाबदारीची अपेक्षा करणे सोपे असते.

एका घोषणेचा अर्थ

सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू केली. घरोघर जाऊन ताप आणि प्राणवायू तपासणे हे काम आवश्यक होते आणि त्याने जीव वाचले, हे आपण मान्य केले पाहिजे. माझा वाद घोषणेशी आहे. ‘माझे कुटुंब’ म्हणणारा कोण आणि ‘माझी जबाबदारी’ उचलणारी कोण? रेशनकार्डावर, भाडेपावतीवर, सातबाऱ्यावर कुटुंब बहुधा पुरुषाचे असते. वाफारा देणे, काढा उकळणे, म्हाताऱ्यांना वेगळे ताट करणे, मुलांना मास्क लावणे, ही जबाबदारी बाईची. घोषणेत ‘माझे’ आणि ‘माझी’ हे दोन शब्द एकाच माणसाचे वाटतात. प्रत्यक्षात ती दोन माणसे आहेत.

योगायोग असा की, त्याच सप्टेंबर महिन्यात केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात शंभर बायकांमागे ८१ जणी घरातले बिनपगारी काम करताना आढळल्या, तर शंभर पुरुषांमागे २६ जण. हे काम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवत होती, आणि करणारा पुरुष ९७ मिनिटे. ही मोजणी महामारीच्या आधीची होती, शाळा आणि अंगणवाड्या उघड्या असतानाची. पुढे २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. बाईची मिनिटे २८९ झाली, पुरुषाची ८८. म्हणजे एवढी मोठी आपत्ती येऊन गेली, पुरुष महिनोन्‌महिने घरात बसले, ‘आता तरी त्यांना घरकाम कळेल’ असे आपण म्हणालो, आणि वाटणी होती तिथेच राहिली.

ती मोहीम दारोदार पोचवली कुणी? आशांनी. आशा ही सरकारच्या लेखी कामगार नाही, स्वयंसेविका आहे. २००५ पासून हे असेच चालले आहे. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. कोविडच्या कामासाठी केंद्राने तिला महिना १,००० रुपये जादा दिले, दिवसाला तेहतीस रुपये पडतात. पूर्णा हे गाव महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे इथला सारा भार गावच्या आरोग्य यंत्रणेवर, म्हणजे शेवटी आशेवर होता. ती दुसऱ्यांच्या घरी जाऊन ताप मोजत होती तेव्हा तिची स्वतःची मुले शेजारणीच्या भरवशावर होती, आणि त्या शेजारणीलाही तिच्या जवळ येण्याची भीती वाटत होती. ‘माझ्या कुटुंबाची जबाबदारी कुणाची, हे मोहिमेच्या कागदावर कुठेच नव्हते,’ असे एका आशेने आमच्या मेळाव्यात सांगितले, तेव्हा सभागृहात हशा पिकला. तो हशा आनंदाचा नव्हता.

पण आशांची गोष्ट इथे संपत नाही, म्हणून मी ती मुद्दाम सांगते आहे. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे ७०,००० आशा संपावर गेल्या. महामारी चालू असताना संप केला म्हणून त्यांना बोल लावणारे बरेच होते. आठवड्याभरात सरकारला दरमहा १,००० रुपयांची कायम वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मान्य करावा लागला. त्या थांबल्या नाहीत. पुन्हा संप केले, आझाद मैदानात थंडीत बसल्या, आणि मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने मानधनात ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. हे वेतन अजून नाही, मानधनच आहे. तरी ज्यांना टाळ्या मिळत होत्या त्यांनी ‘टाळ्या नकोत, पैसे मोजा’ म्हटले आणि काही अंशी मोजून घेतले. हे त्यांना जमले कारण सगळ्या एकाच मालकाच्या, म्हणजे सरकारच्या, यादीवर होत्या. गोडाऊनच्या बाईला यादीच नाही.

शाळा बंद, मुलगी घरी

आता त्या सहावीतल्या मुलीकडे परत येऊ. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. शहरांतले पहिली ते सातवीचे आणि गावांतले पहिली ते चौथीचे वर्ग उघडण्याचा निर्णय झाला तो १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ, जवळजवळ वीस महिने, लहान मुले घरी होती. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही दिवस कुलूप लागले. मोठ्यांच्या शाळा त्याआधी उघडल्या, पण घरात धाकटे भावंड असेल तर मोठ्या बहिणीला त्याचा काय उपयोग?

घरात एक फोन. तो नवऱ्याकडे, नाहीतर मोठ्या मुलाकडे. ऑनलाइन वर्गाच्या वेळी मुलगी डाळ निवडत असे, धाकट्याला न्हाऊ घालत असे. आई सकाळी आठला गेटवर उभी राहायची, रात्री आठला यायची. मधले बारा तास या मुलीचे. गोडाऊनमधून त्या वर्षी किती खोकी बाहेर पडली याचा हिशोब कुठेतरी संगणकात असेल. त्या खोक्यांना लेबल लावणाऱ्या आईच्या मुलाला जिने दिवसभर कडेवर घेतले, तिचा हिशोब कुठल्याही वहीत नाही. मुकादमाच्या वहीत निदान तिच्या आईचे अर्धे नाव तरी होते.

सरकारच्या डोक्यात बाई आणि तिचे मूल या दोन वेगळ्या फायली आहेत, याचे एक उदाहरण आठवते. मुंबईच्या लोकलगाड्यांत सर्व महिलांना ठरावीक वेळांत प्रवासाची मुभा मिळाली ती २१ ऑक्टोबर २०२० पासून. बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. महिना उलटतो न उलटतो तोच सांगितले गेले की, महिलांनी मुलांना बरोबर आणू नये. मुलांना गर्दीत आणणे धोक्याचे होते हे खरे. पण पाळणाघर बंद, शाळा बंद, आणि मूल बरोबरही न्यायचे नाही, तर ते ठेवायचे कुठे? या प्रश्नाचे उत्तर नियम करणाऱ्यांनी गृहीत धरले होते. घरात कुणीतरी असेलच की! ते ‘कुणीतरी’ कोण, हे आता आपल्याला ठाऊक आहे.

पाचशे, पंधराशे, पंधराशे

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. रेशनवर मोफत धान्य मिळाले आणि त्याने चुली पेटत्या राहिल्या. शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना झाली, पुढे काही काळ मोफत. जनधन खाते असलेल्या बायकांच्या खात्यात २०२० च्या एप्रिलपासून तीन महिने पाचशे-पाचशे रुपये आले. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने नोंदणीकृत घरकामगारांना १,५०० रुपये जाहीर केले. पण ज्यांची नोंदणी होती आणि चालू होती, त्यांनाच. २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला तेव्हा आपण मोर्चे काढून तो मिळवला होता. नंतर नोंदणीचे, नूतनीकरणाचे काम ढिले पडले. त्यात मंडळाची चूक आहे आणि थोडी आपलीही.

आता जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये येऊ लागले. पूर्णा गावच्या बैठकीत या पैशांविषयी बोलताना बायकांच्या चेहऱ्यावर जे दिसते त्याला मी नावे ठेवणार नाही. आपल्या नावावर आलेला पैसा, कुणापुढे हात न पसरता. त्याची किंमत बाईलाच कळते. पण हा पैसा ‘बहीण’ म्हणून मिळतो, ‘कामगार’ म्हणून नाही. बहिणीला ओवाळणी मिळते आणि ओवाळणी किती, कधी, कुणाला, हे भाऊ ठरवतो. कामगाराला हक्क असतो. पंधराशे रुपयांत मूल सांभाळायला बाई ठेवता येत नाही, आणि आजारी पडल्यावर बुडालेली मजुरीही भरून निघत नाही. योजना हवी की नको, असा हा वाद नाही. एका हाताने पंधराशे देऊन दुसऱ्या हाताने बाईचे काम मोजायचे टाळायचे, याला माझा आक्षेप आहे.

काही आक्षेप

हे बोलले की तीन उत्तरे हमखास येतात.

पहिले: ‘पुरुषांचेही काम गेले.’ गेलेच. पण पुरुषाचे काम गेले तेव्हा तो घरी बसला, आणि बाईचे गेले तेव्हा तिचे घरातले काम वाढले. शिवाय बिनकामाच्या, चिडलेल्या, कधी दारूच्या घोटासाठी तडफडणाऱ्या पुरुषाबरोबर त्याच एका खोलीत दिवसरात्र कोंडून राहणे हे तिच्या वाट्याला आले. आमच्याकडे तेव्हा फोन यायचे ते संडासातून, नळावरून, कुजबुजत. किती बायका फोनच करू शकल्या नाहीत, ते कोण मोजणार?

दुसरे: ‘बायकांनाच असे सुटे काम सोयीचे पडते. हवे तेव्हा यावे, हवे तेव्हा थांबावे.’ हे आमच्या बायकाही म्हणतात. पण नीट ऐका. त्यांना हवी असते ती मूल आजारी असताना थांबण्याची मुभा. ती मुभा पक्क्या कामात रजा म्हणून पगारासकट मिळते. सुट्या कामात ती मजुरी गमावून विकत घ्यावी लागते. दुसरा पर्यायच दाखवला नाही, तर बाई आहे त्यालाच सोय म्हणणार.

तिसरे: ‘महामारी संपली. आता कशाला उकरून काढता?’ संपली कुणासाठी? त्या मुलीचे शिक्षण आजही सहावी आहे. गोडाऊनच्या गेटवर आजही मुकादम बोट दाखवतो. पुढची साथ, पुढचा पूर, पुढचा बंद येईल तेव्हा आपण होतो तिथेच असू.

आपलाही हिशोब

दुसऱ्यांचा हिशोब मांडला, आता आपला. त्या दिवसांत आपण सगळ्याजणी धान्याचे किट वाटत फिरलो. ते करायलाच हवे होते. पण किट वाटायला, याद्या करायला, सामूहिक स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला आपण कुणाला हाक मारली? वस्तीतल्या त्याच कार्यकर्त्या बायकांना, ज्यांचे स्वतःचे काम गेले होते आणि घरी मुले होती. त्यांना आपण प्रशस्तिपत्र दिले. मानधन फार कमी ठिकाणी दिले. त्यांच्या घरी मूल कोण सांभाळते आहे, हे आपणही विचारले नाही. सरकार आशेला स्वयंसेविका म्हणते म्हणून आपण निषेध करतो, आणि आपल्या संघटनेतल्या बाईला आपण काय म्हणतो? ‘ती आपलीच आहे’ हे वाक्य घरात सासू म्हणते तेव्हा आपल्याला खटकते. संघटनेत ते आपणच म्हणतो.

मागायचे काय?

मला तीन गोष्टी दिसतात. तिन्ही महाराष्ट्राला नव्या नाहीत.

पहिली, नाव. गोडाऊनमध्ये एक दिवस का काम केलेले असेना, बाईचे पूर्ण नाव, तारीख आणि मजुरी कागदावर लागली पाहिजे आणि त्याची एक प्रत तिच्याकडे हवी. हे अशक्य आहे असे कुणी म्हणाले तर त्याला माथाडी कायद्याची आठवण करून द्या. १९६९ साली याच राज्याने डोक्यावर ओझी वाहणाऱ्या, आज या पेढीवर तर उद्या त्या पेढीवर असणाऱ्या माणसांसाठी मंडळे काढली. मालक अनेक असले तरी मजुरी मंडळामार्फत, आणि मालकांकडून लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी. जे पाठीवर पोते घेणाऱ्या पुरुषासाठी जमले ते बारा तास उभे राहून खोकी बांधणाऱ्या बाईसाठी का जमू नये? बाई उचलते ते वजन हलके असते म्हणून?

दुसरी, पाळणाघर. रोजगार हमीच्या कामावर मुलांसाठी सावली आणि त्यांना सांभाळणारी बाई असावी, हे आपल्या राज्याने दुष्काळाच्या काळातच मान्य केले होते. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यातही लिहिलेले होते की, कामावर सहा वर्षांखालची पाच मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिला तेवढीच मजुरी द्यावी. म्हणजे मूल सांभाळणे हे खडी फोडण्याइतकेच काम आहे, हे कायद्याने एकदा कबूल केले. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास माणसांच्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले आणि पुढे ती तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेतही आली. पूर्णा गावात ती चालत नाही, कारण पन्नास माणसे चार ठेकेदारांत वाटली की प्रत्येकाकडे बारा-तेराच उरतात. म्हणून मागणी गाळ्यागणिक नको, गावागणिक हवी. सगळ्या गोडाऊन मालकांनी मिळून वर्गणी भरावी, ग्रामपंचायतीने जागा द्यावी, आणि पाळणाघर गोडाऊनच्या वेळेत, सकाळी साडेसात ते रात्री साडेआठ, उघडे राहावे. अंगणवाडी दुपारी बंद होते. गोडाऊन दुपारी बंद होत नाही.

तिसरी, आजारपणाची पगारी रजा, आणि ती घरात कुणी आजारी असेल तरीही. साथीच्या काळात घरी थांबा असे सरकार सांगणार असेल, तर त्या दिवसांचे पैसे कोण देणार हेही सरकारनेच सांगितले पाहिजे.

आणि चौथी गोष्ट सरकारकडे मागून मिळणारी नाही. ती घरातल्या पुरुषाकडे मागायची आहे. ८८ मिनिटांचा आकडा कुठल्याही कायद्याने वाढत नाही.

शेवटी सावित्रीबाईंचे स्मरण. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्या गेल्या, १० मार्चला. दरवर्षी आपण त्यांचा त्याग आठवतो. मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सावित्रीबाई आणि यशवंत यांनी पुण्याबाहेर माळावर दवाखाना उभा केला, आणि परक्यांच्या आजारी मुलांना तिथे आणले. ‘ज्याचे कुटुंब त्याची जबाबदारी’ असे त्या म्हणाल्या नाहीत. आजाऱ्याची काळजी हे घराच्या चार भिंतींबाहेरचे, सगळ्यांचे काम आहे, हे त्यांनी करून दाखवले. आपण फोटोला हार घालतो आणि काळजी मात्र पुन्हा घरात, बाईच्या पदरात टाकतो.

पूर्णा गावच्या गटाने ठरवले आहे की, मोर्चाआधी मोजणी करायची. तुमच्या वस्तीतही करा. प्रत्येक घरी चारच प्रश्न विचारा. कामावर तुमचे नाव कुठे लिहिले जाते? तुम्ही कामावर असता तेव्हा मूल कुणाजवळ असते? २०२० नंतर घरातल्या कुणाची शाळा सुटली? शेवटची पगारी रजा कधी मिळाली? उत्तरे पुढच्या अंकाच्या आत आमच्याकडे पाठवा. नावे छापणार नाही. ‘नाव लिहू नका, ताई. मुकादम वाचणार नाही, पण नवरा वाचेल,’ असे आमच्याकडे एकीने सांगितलेच आहे.

आणि हो, त्या मुलीच्या कागदावर ‘व्यवसाय’ हा रकाना रिकामाच राहिला होता. आई म्हणाली, ‘घरीच असते.’ बाकीच्या बायकांनी ते लिहू दिले नाही. बराच वेळ वाद झाला. शेवटी कागदावर लिहिले, ‘मूल सांभाळणे, सहा वर्षांचा अनुभव.’ ई-श्रमच्या यादीत असा व्यवसाय आहे की नाही, ते आता बघायचे आहे.